पांढऱ्या बुटांची शिस्त

खो-खो अनवाणी खेळतात, हे मला माहीत नव्हतं. एखाद्या किराणावाल्याने असं कबूल केलं असतं तर कोणी मनावर घेतलं नसतं. पण मी मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा, पदवीचा कागद काचेत मढवून घरच्या भिंतीवर, आणि डोक्यात हा पक्का समज, की आमच्या मुली गरीब आहेत म्हणून बिचाऱ्या अनवाणी खेळतात.

आज हे लिहायला बसले ते नातीमुळे. तिच्या शाळेत पुढच्या आठवड्यात क्रीडादिन आहे आणि निवृत्त शिक्षिका म्हणून मला पाहुणी केलंय. बोलायचा विषयही त्यांनीच धाडला, ‘शालेय क्रीडा उपक्रमांची उद्दिष्टे आणि मूल्ये’. नात म्हणाली, “आजी, लंबं भाषण देऊ नको हं. ऊन असते. मागच्या वर्षीचे पाहुणे बोलतच राहिले, आमच्या लाइनीतल्या पोरी चक्कर येऊन पडून राहिल्या होत्या.”

“मग काय बोलू?”

“शिस्त, जिद्द, खिलाडूवृत्ती. सगळे तेच बोलतात. मग टाळ्या.”

तिला काय माहीत, हेच तीन शब्द तिच्या आजीने ऐन जवानीत एका भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने रंगवून घेतले होते. आमची शाळा नागपुरात, नंदनवन वस्तीत होती. पटांगणाच्या कडेला पाण्याची टाकी, तिच्यामागे भिंत. पेंटरला मी स्वतः उन्हात उभी राहून सांगितलं, अक्षर केवढं हवं, रेघ कुठे हवी. ‘जिद्द’ नेमका नळाच्या वर आला. नळाला पाणी क्वचित यायचं, तेव्हा मुली म्हणायच्या, “बाईंनी जिद्द बरोबर जागी लिहिली.” मला ती तारीफ वाटली. मी त्यावर हसलेसुद्धा.

मुळात मी गोळाफेकीतली. कॉलेजात असताना माझा एक गोळा पंचांच्या टेबलाशी जाऊन पडला होता, एवढीच माझी कीर्ती. खो-खो मी पुस्तकात वाचला होता. मैदान किती लांब, किती रुंद, खांब किती उंच, सगळं तोंडपाठ. चुन्याची फक्की मी दोरी लावून अशी सरळ मारायचे की हेडबाई गॅलरीतून बघून मान डोलवायच्या. पण त्या रेघांच्या आत नेमकं काय चालतं, ते मुली एकमेकींना शिकवायच्या. मी कडेला उभी राहून शिट्टी वाजवायचे आणि माझ्यामुळेच त्या पळतात असं समजायचे.

त्या मुलींत एक होती. दहावीतली, उंच, काळीसावळी, हाडापेराने मजबूत. भिवापूरकडच्या एका गावची. वडिलांची मिरचीची शेती. ती इथे नंदनवनमध्ये मावशीकडे राहून शिकत होती. बोलायला कमी, आणि बोलली तर खालच्या आवाजात. पण खो-खोच्या मैदानात तिला पकडणं म्हणजे ताटातला पारा चिमटीत धरणं. पाठलाग करणारी मागे लागली की ती खांबापर्यंत सरळ धावत जायची, सगळ्यांना वाटायचं आता ही बाहेरून वळणार, आणि ही पायाची बोटं मातीत रोवून जागच्या जागी उलटी फिरायची. मागची मुलगी भलतीकडे निघून जायची. बाकीच्या खदखदून हसायच्या. ही मात्र हसायची नाही, पुढच्या खांबाकडे निघालेली असायची.

एकदा मी विचारलं, “हे कुठे शिकलीस गं?”

“वावरात जी. मिरचीच्या सऱ्यांमधून धावाचं त झाडाले धक्का नाही लागला पाहिजे. बाप ओरडते.”

मी म्हटलं, “छान. पण वळताना मान ताठ ठेव.” मान ताठ ठेवून काय होणार होतं, देव जाणे. काहीतरी सांगायला हवं म्हणून सांगितलं.

त्या वर्षी आमचा संघ जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. वाटेत भेटलेल्या शाळाही अनवाणीच खेळल्या; मला वाटलं, त्याही आमच्यासारख्याच गरीब. आणि त्या सामन्याला एक सर येणार होते, मुलींच्या क्रीडा वसतिगृहासाठी खेळाडू निवडायला. निवड झाली तर राहणं, जेवण, बारावीपर्यंतचं शिक्षण, सगळं तिथेच. बाकीच्या मुलींना ही नुसती हौस होती. हिचं तसं नव्हतं. तिचे वडील दिवाळीनंतर शाळेत आले होते, तेव्हा माझ्यासमोरच बोलणं झालं.

“मावशीच्या घरी एकाच लेकराची जागा आहे बाई,” ते म्हणाले. “दोनच खोल्या त्यायच्या. ही दहावी झाली का पोराले आणाचं आहे नागपुरात. तिचं तुमच्या खेळावर निघालं त मी आडवा नाही येत. नाही निघालं त चालली गावाले.”

ती बाजूला उभी होती. वडील गेल्यावर मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, “काळजी करू नको, मी आहे ना.” आता हे वाक्य आठवलं की मला माझ्याच पाठीत एक थाप द्यावीशी वाटते. जरा जोरात.

झालं असं, की स्पर्धेच्या उद्घाटनाला सगळ्या शाळांचं संचलन होतं. आमच्या समोर एका मोठ्या शाळेच्या मुली आल्या. पांढरे मोजे, पांढरे बूट, पावलं एका आवाजात पडत होती. त्यांच्यामागून आमच्या आल्या, धूळभरल्या अनवाणी पायांनी. मला अशी शरम वाटली, की मी काळा चष्मा लावला आणि भलतीकडे बघत उभी राहिले. त्या क्षणी ठरवलं, अंतिम सामन्यापर्यंत पोचलो तर त्या दिवशी माझ्या मुलींच्या पायात बूट असतील. पुढे पुष्कळ वर्षांनी स्वतःशी खरं बोलायला लागले तेव्हा कळलं, माझ्या त्या सगळ्या क्रीडा उपक्रमाचं उद्दिष्ट एवढंच होतं. आमची रांग त्यांच्या रांगेसारखी दिसावी.

हेडबाईंना गळ घातली. त्यांनी शाळेच्या कमिटीतल्या एका भाऊसाहेबांना घातली. भाऊसाहेब दिलदार माणूस, लगेच हो म्हणाले. सामन्याच्या आदल्या दिवशी प्रार्थनेनंतर बुटांचं वाटप झालं. हार, टेबलावर चादर, भाऊसाहेबांचे दोन शब्द. मुलींनी खोके उघडून आधी बूट हुंगले. घरी जाताना एकीनेही ते पायात घातले नाहीत, मळतील म्हणून. छातीशी धरून, चपला फटफटवत गेल्या सगळ्या. मी फाटकात उभी राहून बघत होते आणि माझे डोळे भरून आले होते. स्वतःच्याच थोरपणाने.

दुसऱ्या दिवशी मैदानावर पोचलो. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, रात्री पाणी मारून मैदान दाबलेलं. आमच्या मुली बुटांत उभ्या, ताठ, जशी कोणाच्या लग्नाला आलेली बायको नवी साडी चुरगळू नये म्हणून खुर्चीच्या टोकावर बसते तशा. भाऊसाहेब आणि हेडबाई मांडवात पहिल्या रांगेत. त्यांच्या बाजूला ते निवडीचे सर, किडकिडीत, मांडीवर एक पुठ्ठा.

मग समोरचा संघ आला, संचलनातली तीच मोठी शाळा. त्याच पांढऱ्या बुटांत. माझ्याकडे त्यांच्या बाईंनी पाहिलं, मी त्यांच्याकडे तोऱ्यात पाहिलं. त्यांनी टाळी वाजवली. आणि त्यांच्या सगळ्या मुली खाली बसल्या, बूट काढले, मोजे आत कोंबले, रेघेच्या बाहेर ओळीने ठेवले आणि अनवाणी मैदानात उतरल्या.

मी त्या बुटांच्या ओळीकडे बघत राहिले. आमच्या संघातली एक आगाऊ पोरगी माझ्यामागे कुजबुजली, “काय वं, ह्या त आपल्यासारख्याच खेळून राहिल्या.” दुसरी म्हणाली, “चूप बस वं, बाई आयकून राहिली.”

बाई ऐकत होती. बाईला सगळं कळलंही होतं, गोळाफेकीतली असली तरी. आत्ता नुसतं म्हणायचं होतं, काढा गं बूट. पण मांडवात भाऊसाहेब बसले होते. काल त्यांच्या गळ्यात हार घातला होता. आज त्यांचे बूट ओळीने रेघेबाहेर ठेवायचे, म्हणजे नागपूरभराच्या शाळांसमोर सांगायचं, की या बाईला खो-खो येत नाही.

मी शिट्टी तोंडात धरली आणि मुलींना बुटांतच आत पाठवलं.

नाणेफेक त्यांनी जिंकली. आमच्या मुली आधी पळायला. खो-खोत तिघी-तिघी आत उतरतात, आणि ही पहिल्या तिघींत होती. सुरुवातीला ती नुसती सरळ धावून वाचली. मग खांबाकडे गेली. मला तिची सवय ठाऊक होती, मी श्वास धरला. तिने पाऊल रोवलं. रोवायला बोटं कुठे होती? तळाचं नवंकोरं रबर ओल्या मातीवरून सर्रकन गेलं आणि ती गुडघ्यावर आली. मागच्या मुलीने जवळजवळ चालत येऊन तिला हात लावला.

डाव संपल्यावर मुलींना संत्र्याच्या फोडी वाटत होते. ती माझ्यापाशी आली. फोड हातातच होती.

“बाई, बूट काढू का जी? पायच कळून नाही राहिला मले.”

हे तिने सगळ्यांसमोर विचारलं नाही. माझ्या कानाशी येऊन, खालच्या आवाजात विचारलं. माझी लाज तिने सांभाळली होती. आणि मी काय म्हटलं?

“नाही. पाहुणे बसले आहेत. शिस्त म्हणजे शिस्त.”

तिने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती काहीतरी बोलेल. दुसरी एखादी असती, ती आगाऊ असती, तर फेकले असते बूट माझ्या अंगावर, आणि मी जन्मभर तिला आशीर्वाद दिले असते. पण ही खाली बसली आणि तिने लेस आणखी घट्ट बांधली. भिंतीवरचा पहिला शब्द मीच शिकवला होता तिला. तेवढा एक धडा मी नीट शिकवला होता.

दुसऱ्या डावात ती खांबाकडे गेलीच नाही. मधल्या मधे फिरत राहिली, कोणीही फिरेल तशी, आणि कोणीही सापडेल तशी सापडली. आम्ही हरलो. हरण्याचं काही नाही, खेळात एक बाजू हरतेच.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. आजवर घरातही कोणाला सांगितली नाही.

चहा चालला होता. ते निवडीचे सर कप घेऊन माझ्याकडे आले. भाऊसाहेब माझ्या बाजूलाच उभे होते.

“मॅडम, ती तुमची लंबी पोरगी,” सर म्हणाले. “लोकांकडून आयकून आलो होतो मी तिच्याबद्दल. आज त काही दिसलं नाही. ती नेहमी बूट घालूनच खेळते का?”

त्यांनी पेनाचं टोपण काढून हातात धरलं होतं. माझ्या एका ‘नाही’ची वाट बघत होते, हे मला आज दिसतं. आणि खरं सांगायचं तर तेव्हाही दिसलं होतं. ‘नाही हो सर, बूट आजच घातले, माझीच चूक. उद्या आमच्या पटांगणावर येऊन बघा तिला.’ एवढंच. भाऊसाहेब मिशीतल्या मिशीत हसत माझ्या उत्तराकडे कान देऊन होते.

मी म्हटलं, “हो. आमच्या शाळेत शिस्त आहे.”

“असं,” सर म्हणाले, आणि त्यांनी टोपण लावलं.

मी वळले तर ती मागेच उभी होती. पाण्याची बादली घेऊन. माझ्याकडे पाहिलं, आणि “सरका जी, सांडन,” म्हणून बाजूने निघून गेली.

फोटो निघाला. शाळेत पुष्कळ वर्षं लावलेला होता. त्यात सगळ्यात उजळ काय दिसतं तर बूट.

परतताना मेटॅडोरमध्ये मुलींनी बूट काढले. मी पुढे ड्रायव्हरच्या बाजूला. मागून त्या आगाऊ पोरीचा आवाज आला, “काहून काढून राहिली वं? शिस्त आहे ना आपल्या शाळेत.” कोणी हसलं नाही. मग त्या उंच मुलीचा खालचा आवाज आला, “टाच सोलली वं माही, बस.” एवढंच. मी काचेतून बाहेर बघत राहिले, जसं काही मला रस्ता सांगायचा होता.

त्या सरांना जाऊन भेटायला मला कोणी अडवलं नव्हतं. ते कुठल्या मैदानावर असतात हेही ठाऊक होतं. एका संध्याकाळी निघालेसुद्धा सायकलवर. वाटेत चेन पडली. चेन बसवायला किती वेळ लागतो? हात काळे होतात, एवढंच. पण ती चेन पडल्यावर मला जे हायसं वाटलं ना, तसं परीक्षा रद्द झाल्यावर पोरांना वाटतं. सायकल हातात धरून घरी आले. घरच्यांना सांगितलं, चेन पडली म्हणून काम झालं नाही. काय काम, ते कोणी विचारलं नाही.

पुढे वर्षानुवर्षं मी चांगली शिक्षिका म्हणून नाव कमावलं. खो-खो नंतर खरंच शिकले, कडेला उभी राहून, मुलींना विचारून. एका सुट्टीत त्या भिंतीला पांढरा चुना मारून घेतला. हेडबाईंना सांगितलं, पोपडे आले होते. सगळा संघ अनवाणी खेळवला, आणि कोणी नाक मुरडलं की मी त्या माणसाला असं बोलायचे की तो परत मैदानाकडे फिरकायचा नाही. माझ्या हाताखालून मुली वसतिगृहात गेल्याही. त्या प्रत्येकीच्या वेळी मला ती आठवली, आणि मी प्रत्येकीला जरा जास्तच शाबासकी दिली. त्या बिचाऱ्यांना वाटलं, बाई प्रेमळ आहे.

आता नातीचा सामना बघायला गेले की आधी तिच्या पायांकडे बघते. ती बास्केटबॉल खेळते, बूट तिला लागतातच. तरी विचारते, “टोचत नाहीत ना? सांग मला, आपण काढून टाकू.” ती म्हणते, “आजी, तू बूटवाल्या दुकानात नोकरी करून राहिली होती का?” मी म्हणते, जवळजवळ.

भाषणाचं मात्र काही जमत नाहीये. कालपासून ‘शिस्त’ हा शब्द लिहिते आणि पुढे पेन सरकत नाही.

तर त्या सामन्यानंतरच्या जूनमध्ये, दहावीचा निकाल लागल्यावर, ती भिवापूरकडची पोरगी वडिलांबरोबर दाखला घ्यायला आली. चांगल्या मार्कांनी पास झाली होती. तिने साडी नेसली होती, बहुतेक आईची, आणि ती एकदम मोठी दिसत होती. वडिलांच्या हातात कापडी पिशवी. पिशवीत वाळलेल्या लाल मिरच्या. “तुमच्यासाठी आणल्या बाई. घरच्या आहेत. पोरीवर तुम्ही मेहनत घेतली,” असं म्हणाले, आणि त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी पिशवी परत केली असती. घेतली. त्या मिरच्यांचा ठसका वर्षभर घरात सगळ्यांना लागायचा, डोळ्यांत पाणी मात्र माझ्या एकटीच्या जास्त यायचं.

“पाया पड बाईच्या,” वडील तिला म्हणाले.

ती वाकली. माझ्या पायात तेव्हा नवे बूट होते, पांढरेच. मी पाय मागे घेतले, पण तोवर तिचा हात लागला होता. मला बोलायचं होतं. माफ कर म्हणायचं होतं, निदान ‘मी खोटं बोलले’ एवढं तरी. मी खो-खोच्या मैदानाची मापं झोपेत सांगणारी बाई, आणि तोंडातून निघालं काय?

“बूट घालतेस ना गं?”

ती सरळ उभी राहिली. वडिलांकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटू नये म्हणून थोडी हसली. आणि म्हणाली,

“बूट वाया नाही गेले जी, बाई. माह्या भावाले बराबर आले. रोज सकाळी धावाले जाते तो.”